ताटकळणारा ऊस आणि प्राध्यापकांचे संशोधन

मा. संपादक,
स. न.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे आणि ऑपरेशन्स रिसर्च (उपलब्ध साधनांचा उत्तम वापर गणिताने शोधण्याचे शास्त्र) हा विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षांपासून शिकवला जातो. निपाणी परिसरातील एक ऊस उत्पादक आणि निवृत्त गणित शिक्षक या नात्याने या विषयाच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे : साखर कारखान्यावर ताटकळणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या रांगेचा त्यांनी अभ्यास करावा. ती आपल्या पत्राद्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

गेल्या हंगामात माझ्या शेतात पहाटे तोडलेला ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून दुपारी कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे गाड्या थांबण्याच्या आवारात, गेला आणि वजनकाट्यावर चढला तो दुसऱ्या दिवशी रात्री. तोडलेला ऊस सुकून त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होते, हे प्रत्येक शेतकी अधिकारी जाणतो. वजनातली घट माझ्या पावतीत उतरली. उताऱ्यातली, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीतली, घट मात्र माझ्या एकट्याच्या नावावर कधीच दिसणार नाही, कारण एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे असा हिशोब असल्यामुळे अड्ड्यावर वाळणाऱ्या उसाची किंमत सगळे ऊस उत्पादक मिळून मोजतात. वाहतूकदाराला टनामागे पैसे मिळतात, म्हणून उभ्या ट्रॉलीबरोबर त्याची पुढची खेपही बुडते, आणि शेतात तोडणी टोळी रिकाम्या गाडीची वाट पाहत बसते.

रांगांचे गणित नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम तर दहावीच्या मुलालाही समजावा असा आहे : उभ्या असलेल्या गाड्यांची सरासरी संख्या म्हणजे ताशी येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी मुक्काम. ताशी दहा गाड्या रिकाम्या होत असतील आणि अड्ड्यावर कायम २४० गाड्या उभ्या असतील, तर प्रत्येक गाडीचा मुक्काम सरासरी २४ तासांचा होतो. त्यासाठी कोणाला दोष देण्याची गरज नाही, भागाकार पुरेसा आहे. याच शास्त्रातील सर्वांत साध्या नमुन्यात, गाड्या अनियमितपणे येत असताना यंत्रणेवरचा भार ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेला की तिथे असणाऱ्या गाड्यांची सरासरी चारवरून एकोणीसवर जाते. म्हणजे भार थोडा वाढतो आणि रांग जवळजवळ पाचपट होते.

माझा खरा आग्रह याच्या पुढचा आहे. गव्हाण (ऊस गाळपाकडे नेणारा पट्टा) क्षणभरही रिकामी राहू नये, ही कारखान्याची काळजी रास्त आहे, कारण गाळप थांबले की नुकसान तात्काळ दिसते. म्हणून अड्डा भरलेला ठेवला जातो. गणिताला मात्र कोणता खर्च कमीत कमी करायचा हे आधी सांगावे लागते, आणि तिथे फक्त गाळप थांबण्याचा खर्च लिहिला, तर मोठी रांग हेच उत्तम उत्तर निघेल. ते उत्तर गणिताने बिनचूक असेल आणि आमच्यावर अन्याय करणारे असेल. प्राध्यापकांनी मांडणी करतानाच उसाचे सुकणे, वाहतूकदाराची बुडालेली खेप आणि टोळीचा वाया गेलेला दिवस हे तिन्ही खर्च त्या बेरजेत धरावेत. ऑस्ट्रेलियात साखर कारखान्यासाठी ऊस वाहतुकीचे वेळापत्रक गणिताने बसवण्याचे काम झालेले आहे आणि त्यात गाड्यांचे थांबणे व गिरणीचे रिकामे राहणे या दोन्हींचा विचार केला गेला. आपल्याकडे ते जसेच्या तसे चालणार नाही. इथे एकाच गावातला ऊस कर्नाटकातल्या कारखान्यालाही जातो आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याही, टोळ्या बीडकडून येतात आणि तुकड्यातुकड्याच्या शेतांमुळे तोडणीचा क्रम रोज बदलतो. त्यामुळे बेळगावच्या प्राध्यापकांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील सहकाऱ्यांनाही सोबत घ्यावे, असे मला वाटते.

विद्यापीठातील संशोधनाविषयी माझी तक्रार नाही, आदरच आहे. परंतु कल्पित आकडे घेऊन सोडवलेली उदाहरणे निबंधापुरती उरतात, आणि इथे खरे आकडे रोज काट्यावर तयार होतात. गाडी अड्ड्यात आल्याची वेळ, काट्यावर चढल्याची वेळ आणि वजन, एवढी माहिती शेतकऱ्यांची नावे वगळून एका तरी कारखान्याने येत्या हंगामात संशोधकांना द्यावी. निघालेले निष्कर्ष कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत दोन पानांत छापून अड्ड्यावर लावावेत.

माझ्या स्वतःच्या गेल्या तीन हंगामांच्या सर्व पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. ज्या विभागाला त्या हव्या असतील, त्या विभागात मी स्वतः येऊन देईन.

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक व निवृत्त शिक्षक,
निपाणी