अलाइनमेंट: दोरी आणि स्टीलची पट्टी पुरते

संपादक महोदय,

आपल्या वाहन पुरवणीत ‘दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करून घ्या’ असा सल्ला वाचला. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा आणि कल ठरल्या मापात जुळवणं. सल्ला वाईट नाही, पण अलाइनमेंट किलोमीटर मोजून बिघडत नाही. चाक खड्ड्यात आपटलं, फुटपाथच्या कडेवर चढलं किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) ढिला झाला की बिघडते, मग गेल्याच आठवड्यात पैसे मोजलेले असोत. शिवाय ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, हे लक्षण लेखात अलाइनमेंटच्या खात्यावर टाकलं आहे. ते बहुधा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचं, दुखणं असतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहणं, टायरची एकच कड आधी गुळगुळीत होणं, ही अलाइनमेंटची लक्षणं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा आणि ब्रेक पाहावा.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालो. तिथं बसचं पुढचं चाक उचलून फिरवायचं, टायरवर खडूचा पट्टा ओढायचा, त्यावर खिळ्यानं बारीक रेघ मारायची आणि दोन्ही चाकांच्या रेघांमधलं अंतर पुढून-मागून ट्रॅमल गेजनं (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या लांब दांड्यानं) मोजायचं. दोन्ही अंतरांतला फरक म्हणजे टो. कारचंही गणित तेच आहे, आणि ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येतं.

पीव्हीसी पाइपचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्या. ते गाडीपेक्षा वीतभर रुंद हवेत. दोन्हींवर एकाच मापानं खाचा पाडा. एक गाडीच्या पुढे, एक मागे स्टुलांवर ठेवा आणि खाचांतून गवंड्याची लाइनदोरी दोन्ही बाजूंनी ताणा, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. खाचा सारख्या असल्यामुळे दोऱ्या आपोआप समांतर राहतात. आता पाइप सरकवून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरीचं अंतर सारखं करा, तसंच मागच्यांचं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळलंच पाहिजे असं नाही. पुष्कळ गाड्यांत जुळत नाही. मग पुढच्या प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती दूर आहे ते पट्टीनं मोजा. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर टो-इन, म्हणजे चाक पुढून आत वळलेलं; जवळ असेल तर टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेलं. त्याआधी हवा ठरल्या दाबाची हवी, स्टिअरिंग सरळ हवं, आणि गाडी थोडी पुढे ढकलून थांबवलेली हवी. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून लगेच मोजलं तर माप खोटं येतं.

चौदा इंची रिमची कड ते कड साधारण ३८० मिलिमीटर भरते. एका चाकाला तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तर ते चाक किलोमीटरमागे जवळजवळ आठ मीटर आडवं घासत जातं. बहुतेक छोट्या गाड्यांचा टो शून्याच्या आसपास ठेवतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवून बघा. तिथं खुळखुळ असेल तर टाय रॉड एंड संशयित. बारा आणि सहाला असेल तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळ्याचा सांधा) किंवा बेअरिंग. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकते. आमच्या शेजाऱ्यांनी एका दुकानात लागोपाठ अलाइनमेंट करून घेतली, टायर आतून तसेच झिजत राहिले, आणि चाक हलवून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सांधे घट्ट असतील तर लॉकनट (रॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळलेला नट) सैल करून टाय रॉड फिरवता येतो. आधी रंगाची खूण करा, रॉडवरच्या रबरी बूटची (धूळ अडवणाऱ्या आवरणाची) क्लिप सैल करा म्हणजे बूट पिळवटणार नाही, आणि स्टिअरिंग मध्यावर राहावं म्हणून दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा. रॅक (स्टिअरिंग फिरवलं की टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा भाग) चाकांच्या मध्यरेषेमागे असेल तर रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट. नट घट्ट केल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासून आत-बाहेर असलेला कल, मात्र घरी फक्त बघावा, तोही सपाट जमिनीवर ओळंबा लावून. पुष्कळ छोट्या गाड्यांत तो बदलायला कंपनीनं सोयच ठेवलेली नसते. मागे आडवा बीम असलेल्या हॅचबॅकमध्ये मागच्या चाकांनाही सहसा काही फिरवायला नसतं. तरी ‘फोर व्हील’ अलाइनमेंटचे जादा पैसे घेतात, कॅम्बरचे वेगळे लावतात, आणि काय फिरवलं विचारलं की मशीनकडे बोट दाखवतात. वाचकांनी अलाइनमेंटआधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा. आपण दोरीनं काढलेला आकडा खिशात असेल तर तो कागद वाचताही येतो.

लेन सांभाळणारे सेन्सर आणि कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांना यातलं मोजमापच तेवढं लागू आहे. त्यांच्या रॉडला हात लावल्यावर स्टिअरिंगचा सेन्सर पुन्हा जुळवावा लागू शकतो, आणि ते काम पाना-पट्टीचं नाही.

– एक निवृत्त एसटी कारागीर, पिंपळे गुरव, पुणे