क्लॅम्प आणण्याआधी

नाशिक,
रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

कपाट करायला लागणाऱ्या हत्यारांची तुझी यादी पोचली. करवत, पटाशा, गुण्या, सगळं ठीक. पण ‘क्लॅम्प सगळे एका हाताचेच आणायला सांगतो अनघाला, स्क्रू फिरवत बसायची कटकट नको’ असं लिहिलंयस, तिथे माझं घोडं अडलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अनघा अमेरिकेतून निघायच्या आत वाच.

क्लॅम्प म्हणजे दोन जबड्यांमध्ये लाकूड आवळून धरणारा शिकंजा. त्यातला एका हाताचा म्हणजे तिसरा हात, एवढंच त्याचं खरं काम. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसायचा आणि फळी पायाच्या अंगठ्याने धरायचा. दोन्ही हात रंध्याला मोकळे. तुझ्या-माझ्या गुडघ्यांना ते आता जमणार नाही. टेबलावर उभं राहून, एकट्याने काम करायचं म्हटलं की डाव्या हाताने दोन तुकडे जुळवून धरायचे आणि उजव्याने खटके दाबत क्लॅम्प आवळायचा, यासारखं सुख नाही. पण धरणं वेगळं आणि दाबणं वेगळं. गोंद सुकेपर्यंत सांध्याला जो दाब लागतो, तो हे क्लॅम्प बेताचाच देतात.

आकडेच मांडतो, तू बँकवाला आहेस. पाइनसारख्या मऊ लाकडाच्या सांध्याला गोंदवाले दर चौरस इंचाला 100 ते 150 पौंड दाब सांगतात, कठीण लाकडाला त्याहून बराच जास्त. पाऊण इंच जाडीच्या, तीन फूट लांब दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आहेत असं धर. सांध्याचं क्षेत्रफळ 27 चौरस इंच. म्हणजे कमीत कमी 2700 पौंड. मधल्या आकाराच्या एका हाताच्या क्लॅम्पवर 300 पौंडांची मर्यादा लिहिलेली असते, तीही पूर्ण आवळल्यावर. झाले नऊ क्लॅम्प, एका सांध्याला! बरा एफ-क्लॅम्प, म्हणजे स्क्रू फिरवून आवळायचा, हजार पौंडांच्या आसपास देतो. तीनात काम होतं. अगदी चिमुकले ‘मिनी’ 140 पौंडांचे असतात. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकले जाणारे 600 पर्यंत जातात, पण ते इतके जाडजूड की एका हाताची मजाच निघून जाते.

हे यंत्र चालतं कसं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आत भोक पाडलेली एक पोलादी पत्री असते आणि त्या भोकातून क्लॅम्पची लांब दांडी जाते. खटका दाबला की पत्री तिरकी होऊन दांडीला चावते आणि तिला थोडी पुढे ढकलते. सोडला की सरळ होऊन मागे येते. दुसरी पत्री स्प्रिंगने कायम तिरकी असते. ती दांडीला मागे सरकू देत नाही. खण तिरका ओढला की कपाटात अडकून बसतो ना, तोच प्रकार, फक्त मुद्दाम केलेला. सोडायचा खटका ही दुसरी पत्री सरळ करतो आणि पकड सुटते. ना आटे, ना दाते. सगळा कारभार घर्षणावर.

म्हणून दांडीला तेल लावायचं नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या गॅलरीत गंज धरेल म्हणून तू तेलाची बाटली काढणारच, तुला ओळखतो. तिथे हात आवर. मेणही नको. कोरड्या फडक्याने पुसायची आणि कपाटात ठेवायची. ओघळलेला फेविकॉल ओला असतानाच पुसून टाक, किंवा दांडी आणि फळी यांच्यामध्ये पॅकिंगच्या चिकटपट्टीचा तुकडा ठेव.

या एका हाताच्या क्लॅम्पचा जन्म अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या डीविट नावाच्या लहानशा गावात झाला, 1980च्या दशकाच्या शेवटी. आपले गॅरेजवाले जी ‘व्हाइस ग्रिप’ पक्कड वापरतात, तिचं गाव तेच. डेन्मार्कहून आलेल्या विल्यम पीटरसन या लोहाराने 1924 साली तिचं पेटंट घेतलं होतं. पक्कड बनवणाऱ्यांनीच पुढे हा क्लॅम्प ‘क्विक-ग्रिप’ नावाने काढला, आता तो अर्विन या नावाने विकला जातो. डीविटचा कारखाना मात्र 2008 मध्ये बंद होऊन काम चीनला गेलं. तेव्हा ‘अस्सल अमेरिकन माल’ म्हणून अनघाला दुकानं पालथी घालायला लावू नकोस.

दुकानात तिने पाहायचं ते एवढं. क्लॅम्प एका हातात धरून, त्याच हाताच्या बोटाने सोडायचा खटका दाबता येतो का? तुझा पंजा लहान आहे, त्यामुळे तिलाच करून बघायला सांग. तिला जमलं तर तुला जमेल. जबडे बंद केल्यावर समोरासमोर येतात की एक बाजूला झुकतो? दांडी खडखडते का? रबरी गाद्या निघून हरवण्यासारख्या सैल आहेत का? मधल्या आकारात जबड्याची खोली, म्हणजे दांडीपासून जबड्याच्या टोकापर्यंतचं अंतर, सुमारे तीन इंच असते, त्याहून आत पोचायचं असेल तर दुसरी सोय बघावी लागते. लांबी 12 आणि 24 इंच घे. त्यापुढच्या लांब दांड्या ताण आला की धनुष्यासारख्या वाकतात आणि फळीही सोबत वाकवतात. शिवाय एक जबडा काढून उलटा बसवता येतो का, हे नक्की विचार. उलटा बसवला की हाच क्लॅम्प आवळायच्या ऐवजी फाकवतो. तुमच्या त्या सागवानी खुर्च्यांचे हलणारे पाय सोडवायला हातोडीने ठोकण्यापेक्षा हे किती बरं! कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसलेलं टोक, न तुटता हळूहळू बाहेर येतं. मला विचारशील तर हे क्लॅम्प घ्यायचं निम्मं कारण हेच.

वापरताना सरकता जबडा आधी हातानेच लाकडाला भिडव, खटके शेवटच्या ताणापुरते. दांडी कामाला जितकी चिकटून तितकी वाकण्याची भीती कमी. दोन-तीन लावायचे असतील तर एक वरून, एक खालून, म्हणजे फळी एका अंगाला उचलली जात नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर रबरी गादीखाली कागद ठेव. डाग उठतो तो जाता जात नाही.

कुठे वापरशील? गोल करवतीला आधार म्हणून प्लायवर सरळ पट्टी धरायला. कपाटाचे दोन खोके स्क्रू मारण्याआधी एका रेषेत आणायला. गोंद लावायच्या आधी सगळं कोरडं जुळवून पाहायला. प्लायच्या कडेला सागाची पट्टी चिकटवायलाही चालतील, तिथे फार दाब लागत नाही. मात्र साग तेलकट असतो, गोंद लावण्याआधी थिनरच्या फडक्याने कड पुसून घे. टेबलाचा माथा किंवा साल-कुसवाचा (खाच आणि कुसू यांचा) जाड सांधा आला की सरळ एफ-क्लॅम्प काढायचे. ते इथेच घे, परदेशातून लोखंड वाहून आणण्यात अर्थ नाही.

तर अनघाला सांग: 12 इंची चार, 24 इंची दोन, बस्स. आणि ते हातातल्या बॅगेत नकोत, सुरक्षा तपासणीत अडवतील. खाली सामानात टाकायचे.

कपाटाची खोली किती ठेवतोयस ते कळव. पुस्तकांसाठी असेल तर दहा इंच पुरे. वहिनींना नमस्कार, अनघाला आशीर्वाद.

तुझा,
श्रीराम