ब्रेकच्या बिलावर मिलिमीटर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची गॅरेजमध्ये रांग लागते. गाडी हातात येते तेव्हा बिलावर ठरलेल्या ओळी असतात: 'पॅड गेले', 'डिस्क टर्निंग', 'ब्रेक ऑइल', 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग'. पॅड गेले म्हणजे किती गेले, हे मात्र कुठेच नसते. पॅड आणि डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) किती झिजल्या हे मोजता येते. त्याला व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) लागतो आणि चाक काढल्यावरची पाच मिनिटे. जॉबकार्डावर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) भागाच्या नावापुढे त्याचे माप लिहिण्याची सक्ती हवी. ती होईपर्यंत गाडीमालकांनी स्वतःच माप विचारायला लागावे, म्हणून हे पत्र.

पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर बसवलेला घर्षणाचा थर. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीवर आला की पॅड बदलायचा. मोजताना पाटी धरायची नाही. पाटीच ५ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे पाटीसकट ८ मिमी भरलेला पॅड चांगला वाटतो आणि प्रत्यक्षात संपलेला असतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले तर पुढे लोखंडावर लोखंड घासल्याची घरघर येते. तेव्हा पॅडसोबत डिस्कचाही खर्च अंगावर पडतो.

खरी फसगत आतल्या पॅडची होते. चाकाच्या फटीतून डोकावले तर दिसतो तो बाहेरचा पॅड. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीला) एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. पिनांवरचे रबरी बूट फाटून चिखलपाणी आत गेले की पिना गंजून धरतात, कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. बाहेरचा ६ मिमी आणि आतला २ मिमी, असे सर्रास आढळते. अशा वेळी नुसते पॅड बदलणे म्हणजे दुखणे तसेच ठेवणे. पिना बाहेर काढून साफ करायच्या, फाटलेले बूट बदलायचे आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावायचे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. म्हणून जॉबकार्डावर आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा लिहिलेला हवा, दोन्ही चाकांचा.

डिस्कवर तर कंपनीनेच मर्यादा कोरलेली असते. कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर रोमन अक्षरांत 'मिन टीएच' (किमान जाडी) आणि पुढे आकडा असतो. त्याहून पातळ डिस्क वापरायची नाही. टर्निंग म्हणजे लेथवर फिरवून डिस्क खरवडून सपाट करणे; त्याने ती आणखी पातळ होते, तेव्हा टर्निंगनंतरची जाडी या आकड्याच्या वर राहिली का, हे विचारलेच पाहिजे. ब्रेक दाबल्यावर पॅडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तरच टर्निंगचा विचार करावा, आणि त्याआधी हबचा चेहरा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) पाहावा. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला की नवी कोरी डिस्कसुद्धा तिरकी बसते आणि थरथर कायम राहते. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी येणारा तांबूस थर हा मात्र दोष नव्हे. चार-पाच वेळा ब्रेक दाबले की तो पुसला जातो. त्यासाठी टर्निंगचे पैसे देऊ नयेत.

'ब्रेक ऑइल' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आहे, पण तो धोक्याचा आहे. ब्रेकच्या टाकीतला डॉट ३ किंवा डॉट ४ (ही दर्जाची नावे) द्रव हे खनिज तेल नाही. त्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर द्रव ढकलणाऱ्या भागापासून) सगळी रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. हा द्रव हवेतली ओल शोषतो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावरच्या चाचणीत तो किमान १५५ असावा लागतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत आलात तर जुना द्रव उकळतो, नळीत वाफ होते आणि पॅडल खाली बसते. म्हणूनच तो दर दोन वर्षांनी बदलायचा, गाडी कमी चालली असली तरी. टाकीतली पातळी खाली गेली म्हणून लगेच वरून भरूही नये. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि पातळी उतरते. आधी पॅड मोजा, मग गळती शोधा. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलने बचत होत नाही.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे थोडक्यात. यात पॅडऐवजी लायनर ड्रमला आतून घासतात आणि व्हील सिलिंडर त्यांना बाहेर दाबतो. व्हील सिलिंडर गळून लायनर भिजले असतील तर ते धुऊन परत बसवू नयेत. दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) ही दोन वेगळी कामे आहेत. ब्रेक न लावता ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरले तर बॅलन्सिंग. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला जात असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर आधी हवा तपासून अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा-नंतरचा छापील कागद मागून घ्यावा. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्मचा बुश (चाकाला जागेवर धरणारे सांधे) ढिला असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही.

बदललेले जुने पॅड नव्याच्या खोक्यात घालून परत मागावेत आणि घरी पट्टीने मोजावेत. गाडी ताब्यात घेताना आणखी एक काम करावे. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल थेट तळाला जाते. गाडी जागेवरून हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबावे. तरीही ते स्पंजासारखे लागले तर नळीत हवा राहिली आहे. गाडी तिथेच उभी ठेवून ब्लीडिंग (नळीतली हवा काढणे) पुन्हा करून घ्यावे.

आपला,
एक शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक),
सातारा