कोरसमध्ये लागले, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा एवढंच बोलले, "म्हंजे आता मांगच्या लाइनीत उभी रायशील का?" आणि फोन तुझ्याकडे दिला, आई. तू जेवणाचं विचारलंस आणि रेंज गेली. बाबांशी फोनवर वाद घालता येत नाही, ते मधेच "बरं" म्हणून मोकळे होतात. म्हणून हे पत्र. आई, तू वाचून दाखव, त्यांना चष्म्याचं निमित्त करू देऊ नको.

हो बाबा, मागच्या लाइनीतच. इथल्या, जर्मनीतल्या ऑपेरा थिएटरच्या कोरसमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या जथ्यात, दुसऱ्या आल्टोत, म्हणजे बायकांतल्या सगळ्यांत खालच्या सुरांत. तुम्हाला यात नवल वाटायला नको. गावातल्या पोरी काळी चार-पाचला गायच्या आणि माझ्यासाठी तुम्ही ऑर्गनवर पांढरी चार, त्यांच्याहून खालची पट्टी, धरायचात. "पोट्ट्यासारखा आवाज" म्हणून हसणारे हसायचे. इथे त्या आवाजाला मेझो म्हणतात. तो उशिरा पिकतो, तिशी ओलांडल्यावर कुठे भरायला लागतो. गंमत अशी की नवशिक्या गायकांसाठी थिएटरांनी जे ऑपेरा स्टुडिओ काढलेत, त्यांची वयाची अट बहुतेक तिशीच्या आसपास संपते.

एवढी वर्षं तिथे शिकलीस काय, असं काकांनी विचारलं होतं. त्यांना सांगा, माईक सोडायला शिकले. आपल्या झाडीपट्टीत वडशाच्या कंपन्यांच्या नाटकात वरून माईक लोंबत असायचे आणि प्रत्येक नट पदाच्या वेळी बरोबर त्याखाली सरकायचा. ऑपेरात माईक नसतो. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वादक आणि त्यांच्यावरून आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत न्यायचा. ओरडून ते होत नाही, ओरडलं की गळाच बसतो. सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलंय. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास असतो, वर तो उतरत जातो. तयार गायकाचा, विशेषतः पुरुषांचा आणि खालच्या आवाजांच्या बायकांचा, गळा 3000 हर्ट्झच्या जवळपास एक वेगळा जोर निर्माण करतो. तिथे वाद्यं कमी पडतात, म्हणून माणूस ऐकू येतो. यासाठी स्वरयंत्र जरा खाली ठेवायचं, घशात मागे जागा करायची, बरगड्या फुगलेल्या धरून श्वास थोडा-थोडा सोडायचा. सुरुवातीचे कितीतरी महिने पूर्ण गाणं मिळालंच नाही, नुसते आ, ए, ई. तुम्ही शिकवलेल्या मुरक्या बाजूला ठेवायला लागल्या, ते मात्र जिवावर आलं. शिवाय इटालियन, जर्मन, फ्रेंच, अधूनमधून रशियन. शब्द नुसता पाठ करून भागत नाही, तोंड कुठे किती उघडलं हेही बघतात. मागच्या पिढीतल्या आपल्या संगीत नाटकवाल्यांना माईकशिवाय हे कसं जमत होतं, त्यांच्या गळ्यांचं कुणी मोजमाप केलं असेल का, असं राहून राहून वाटतं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. नायिका का नाही?

मेझोच्या वाट्याला नायिका फार थोड्या. 'कार्मेन' ऑपेरातली कार्मेन आहे, पण तिच्यासाठी रांग लागलेली असते. बाकी आई, दासी, चेटकीण, नाहीतर कोवळ्या पोराचं सोंग. मोत्सार्टच्या 1786 च्या 'फिगारो' या ऑपेरातला केरुबिनो हा पोरगा बाईच गाते. आपल्याकडे पूर्वी गडी लुगडं नेसून उभे राहायचे, इथे बाया तुमान घालतात. ते मी केलं, छोट्या भूमिका केल्या, स्वतःच्या खर्चाने गावोगाव ऑडिशन दिल्या. सरकारी पैशावर चालणारी 80 च्या वर ऑपेरा थिएटरं या देशात आहेत, तरी सोलो गायकाचा करार सहसा एकेका हंगामाचाच. पुढच्या हंगामात नको असाल तर 31 ऑक्टोबरपर्यंत कळवतात. दिवाळीच्या तोंडावर दर वर्षी पोस्टाच्या डब्याकडे बघत बसायचं! तुम्ही नाइटच्या, म्हणजे एकेका प्रयोगाच्या, पैशावर घर चालवलंत, होळीनंतर हात रिकामा झाला की आई दुकानातून उधारीने काय काय आणायची, ते मी बघितलंय. मला तसं जगायचं नाही.

कोरसला महिन्याला पगार आहे, आजारपणाचा विमा आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. पण पैशासाठी मन मारलं असं समजू नका. वेर्दी या इटालियन संगीतकाराचं 'नाबुको' ऑपेरा 1842 साली मिलानला आलं. त्यातलं लोकांच्या ओठांवर राहिलेलं गाणं कुठल्या नायिकेचं नाही, गुलाम केलेल्या जमावाचं आहे. बराच वेळ सगळे एकाच सुरात, एका गळ्यासारखे गातात. 1901 मध्ये वेर्दीची शवपेटी हलवली तेव्हा तोस्कानीनी या वाद्यवृंद चालवणाऱ्याने आठशेच्या आसपास गायकांकडून तेच गाऊन घेतलं. त्या गाण्यात माझा आवाज वेगळा ऐकू आला तर ती माझी चूक ठरते. सोलो गाताना मला जे कधी मिळालं नाही ते तिथे मिळतं, शेजारणीचा श्वास कळतो.

आणि बाबा, तुम्ही एवढी नाटकं वाजवलीत, लोकांकडे पाठ करून. रात्री दहापासून उजाडेपर्यंत तुमचं तोंड कुणी बघितलं? तरी ऑर्गन चुकला तर पद पडायचं, हे तुम्हीच सांगायचात.

आई, लग्नाचं मी ऐकलं. उत्तर पुढच्या पत्रात. थंडीचं म्हणशील तर घरात हीटर आहे, काळजी करू नको. लाखोळीची डाळ संपत आली.

सुट्टीचं मात्र उलटं झालंय. आपल्याकडे धान निघालं की नाटकं सुरू होतात, इथे तेव्हा मला हलता येत नाही. दिवाळीला, मंडईच्या जत्रेला येणं नाही. थिएटर बंद असतं उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात साधारण सहा आठवडे. म्हणजे नेमकी धानाच्या रोवण्यात येईन. बाया मिळत नाहीत म्हणतेस ना, एक धर. बाबांची साखर तपासून घे आणि आकडा कळव, "बरी आहे" असं नको.

तुमची,
बेबी