आधी कारण शोध, मग पाना उचल: शेजारच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आभार घरी येऊनही मानता आले असते. पण तुम्ही मला जे दाखवलंत ते जुनी गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढायला घेतला की आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायचा. मागच्या सीटवर आई, तपासण्यांनी दमलेली. बाजूला थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि वाट बघायची. एका गॅरेजात सांगितलं रेडिएटर बदला, दुसरीकडे म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची सील) गेलंय, मोठा खर्च आहे. तिसऱ्याचा सल्ला सगळ्यांत स्वस्त: थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरजच नसते.

हे शेवटचं ऐकून तुम्ही चिडलात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस एका छोट्या भागाची बाजू इतक्या पोटतिडकीने घेतो, हे मला तेव्हा नवीन होतं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणून ते लवकर गरम होतं. आतल्या तांब्या-पितळेच्या वाटीत मेण असतं. ते वितळून फुगलं की दांडी ढकलतं, झडप उघडते आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, स्वतः गार व्हायला रेडिएटरकडे धावतं. हा भाग काढला तर इंजिन बराच वेळ गारच राहतं, गाडीतला संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, जळायचं राहिलेलं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये मुरते, झीज वाढते. ‘तापतंय म्हणून काढलं, आता झिजेल त्याचं काय?’ हा तुमचा प्रश्न मी आता भेटेल त्याला विचारते.

तुम्ही आधी पान्याला हातच लावू दिला नाहीत. गाडी थंड असताना डिपस्टिक काढून ऑइलचा रंग दाखवलात. कूलंट मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं, सतत बुडबुडे येताहेत का ते पाहिलं. नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायला कारण नव्हतं, आणि माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं तिथेच उतरलं! मग झाकण लावून इंजिन तापू दिलं. काटा वर चढत गेला, पण रेडिएटरकडे जाणारा पाइप जेमतेम कोमट. ‘आता तूच सांग, वाट कुठं अडलीय?’ असं म्हणून तुम्ही गप्प उभे राहिलात. उत्तर माझ्याकडून येईपर्यंत थांबलात, काका. त्या थांबण्याचे आभार मला सर्वांत आधी मानायचे आहेत.

ओढणी खोचून घ्यायला लावलीत, कारण इंजिन बंद असतानाही विजेवरचा पंखा अचानक फिरू शकतो. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे तर दरडावूनच सांगितलंत. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण फिरवताच ते वाफ होऊन अंगावर येतं. घाटात तापलेल्या गाडीचं झाकण फडक्याने उघडणारे लोक दिसले की मी आता थांबून अडवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, काम माझ्याच हातून करून घेतलंत. खालून जे निघालं ते कूलंट कमी आणि गंजाचं लालसर पाणी जास्त. आधीच्या मालकाने बोअरचं जड पाणी घातलं असावं, हा तुमचा अंदाज थर्मोस्टॅटच्या कव्हरचे दोन बोल्ट काढताच खरा ठरला. आत क्षारांचा पांढरट थर आणि झडप जागीच जाम. ते पाणी तुम्ही गटारात ओतू दिलं नाहीत. कूलंट गोडसर असतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि जिवानिशी जातात. झाकणाच्या डब्यात भरूनच ठेवायला लावलंत.

आणि मग काकूंनी दिलेलं ते जुनं पातेलं! पुन्हा स्वयंपाकघरात घ्यायचं नाही या अटीवर दिलेलं. थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगला, कारण तळाला टेकला तर तळाचा ताप लागून चाचणी फसते. शेजारी काचेचा तापमापक. भागावर ८२ असा आकडा कोरलेला, म्हणजे झडप उघडायला लागण्याचं तापमान. जुना थर्मोस्टॅट पाणी खळखळ उकळलं तरी हलला नाही. नवाही तुम्ही तसाच तपासायला लावलात. ८२ ओलांडल्यावर झडप हळूहळू सरकली तेव्हा मी आनंदाने ओरडले होते. नव्या खोक्यातला भाग चांगलाच असेल असं धरून चालायचं नाही, ही शिस्त मला फार आवडली.

बसवताना जुनं गॅस्केट खरवडून पृष्ठभाग साफ, थर्मोस्टॅटवरची छोटी पिन वरच्या बाजूला म्हणजे अडकलेली हवा निघेल, बोल्ट आळीपाळीने आणि बेताने, कारण अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. आत डिस्टिल्ड वॉटरने धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हीटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं.

तुम्ही एकदाही ‘घरातल्या कुणा पुरुषाला बोलव’ म्हणाला नाहीत. मला पाना कसा धरायचा ते सांगितलंत आणि बाजूला झालात. हे तुम्हाला किरकोळ वाटेल. मला नाही.

परवा आईला घेऊन खंबाटकी एका दमात चढले, काटा मधोमध होता. टाकीतली पातळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर रविवारी सकाळी बघते. पुढच्या महिन्यात एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग काढायचे आहेत. तुमच्या सवडीने रविवार सांगा, चहा आणि भडंग माझ्याकडे.

काकूंना नमस्कार. नवं पातेलं आणलंय, ते सोबत पाठवतेय.

आपली कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरची शेजारीण