काकूंच्या बधिर जिभेबद्दल

शेफील्ड, १२ जून

ती. काका-काकूंस,
सा. न. वि. वि.

काकूंची खालची उजवी अक्कलदाढ २३ मेला काढली, म्हणजे आज वीस दिवस झाले. सूज उतरली, टाके निघाले, पण जिभेची उजवी कड अजून बधिर आहे आणि त्या बाजूने चव लागत नाही, असं काका म्हणाले. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतोय. मिलिंदकडून वाचून घ्या आणि कागद केसपेपरच्या फाइलमध्येच ठेवा.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श, गरम-गार आणि दुखणं कळवणारी नस खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाने जाते. अक्कलदाढेपाशी ती हिरडीखाली अगदी वरवर असते. बहुतेकांमध्ये हाडापासून दोन-तीन मिलिमीटरवर, काहींमध्ये हाडाला टेकलेली, तर क्वचित हाडाच्या काठाच्याही वर. चवीचे धागे मुळात चेहऱ्याच्या नसेतून येतात, पण जिभेकडे जाताना ते याच नसेत मिसळतात. म्हणून एकाच इजेने स्पर्श आणि चव दोन्ही जातात. जीभ हलवणारी नस मात्र निराळी. काकूंना आरशासमोर जीभ बाहेर काढायला सांगा. ती सरळ यायला हवी. एका बाजूला वळली, किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर दुखणं दुसरंच काही असू शकतं. मग त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

“आधी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला होता, तरी कसं झालं?” असं काकांनी विचारलं. ओपीजीत खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस ज्या हाडातल्या नळीतून जाते ती नळी दिसते. जिभेची नस मऊ मांसात असते, ती त्यात दिसतच नाही. जबडा मागे बाहेरच्या बाजूला वळतो. तिथे हिरडीवरचा काप सरळ मागे नेला, तर तो हाडावरून घसरून आत, नसेवर जातो. हाड कापणारा बर (ड्रिलचं फिरतं टोक) आतली पातळ भिंत फोडून पुढे गेला, हिरडी आतून ताणून धरली किंवा टाका खोल गेला, तरी इजा होते. काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हातूनही हे कधीकधी होतं. तेव्हा त्या डॉक्टरांशी भांडण न करता बोला, त्यांच्याकडची माहिती आता आपल्याला हवी आहे. नस डोळ्यांना दिसली होती का, हाड आतल्या बाजूने कापलं का, दाढेचे तुकडे केले का, आणि भुलीचं कोणतं औषध वापरलं, हे चार प्रश्न विचारून उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या. सुई टोचताना जिभेत करंट लागल्यासारखं झालं होतं का, हे काकूंनी आठवावं. सुईने झालेली इजा बहुधा आठ ते बारा आठवड्यांत आपोआप भरते, आणि तिच्यावर सहसा ऑपरेशन करत नाहीत.

नस नुसती दबली-ताणली असेल तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत ती जागी होते. आतले धागे तुटले पण वरची वेष्टनं शाबूत राहिली, तर धागे दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत पुढे जातात, त्याला महिने लागतात. पूर्ण तुटली असेल तर टोकं एकमेकांना सापडत नाहीत आणि तिथे गाठ बनते. बाहेरून या तिन्हींत पहिल्या महिन्यात फरक कळत नाही. फरक कळतो तो नोंदींवरून, म्हणून या नोंदींची एक वही ठेवा, ती मला फार महत्त्वाची वाटते.

दर रविवारी, शक्यतो एकाच वेळी, काकूंनी डोळे मिटून जीभ बाहेर काढायची आणि मिलिंदने तपासायचं. आधी डावी, चांगली बाजू, मग उजवी. कापसाचा बारीक पिळा हलकेच टेकवायचा, प्रत्येक बाजूला दहा वेळा, आणि किती वेळा कळलं ते लिहायचं. मधूनच न टेकवताही “आता?” विचारायचं, म्हणजे अंदाजाने दिलेलं उत्तर पकडता येतं. मग तोच पिळा पुढे किंवा मागे ओढून दिशा विचारायची. टूथपिकचं टोकदार आणि बोथट टोक ओळखता येतं का ते बघायचं, टोचायचं मात्र नाही. चवीसाठी साखरेचं, मिठाचं आणि लिंबाचं पाणी वेगवेगळ्या इअरबडने कडेला लावायचं. जीभ आत घेण्याआधी कागदावर बोट ठेवून उत्तर द्यायचं, कारण तोंड मिटलं की चव चांगल्या बाजूला पसरते. दोन चवींच्या मध्ये चूळ भरायची. शेवटी बधिर भागाची सीमा कागदावर काढायची. ती आकसतेय का, एवढंच बघायचं आहे.

मुंग्या येणं बहुतेकदा चांगलं लक्षण. पण दाढेच्या जागी आतून दाबल्यावर जिभेत झटका येत असेल तर ते नस वाढत असल्याचंही असू शकतं आणि गाठीचंही. लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सतत आग होत असेल, साध्या स्पर्शानेही दुखत असेल, तर रविवारची वाट पाहू नका. त्यासाठी नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची. बी-१२च्या गोळ्या दिल्या असतील तर घ्या, पण तुटलेली नस त्यांनी जुळत नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

तोवर चहा कोमट करूनच प्यावा, कारण भाजलेलं कळणार नाही. भाकरी, चकली डाव्या बाजूने चावावी. रोज रात्री बॅटरी लावून उजवी कड बघावी, चावल्याची जखम आहे का. दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम दाखवायचीच.

आता तारखा. महिना होतो २३ जूनला. तेव्हा स्पर्श अजिबात नसेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालयाच्या किंवा सेंट जॉर्जेसच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओरल सर्जरी विभागात दाखवून रीतसर नोंद करून घ्या. २३ ऑगस्टला तीन महिने होतील. तोवर वहीत काहीच सुधारणा नसेल तर नसेची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं मत घ्यायचं. गणपतीची तयारी आहे, सण झाल्यावर बघू, असं करू नका. उशीर झाला की नसेचा पुढचा भाग आकसत जातो आणि जोडूनही उपयोग कमी होतो. तोंडातूनच, मायक्रोस्कोपखाली, खराब टोकं कापून केसाहून बारीक धाग्याने जोडतात. त्यानंतर जीभ अगदी पूर्वीसारखी होत नाही, चव तर कमीच परतते. पण चावून जखमा होणं थांबतं, बोलणं सुधारतं.

मिलिंदची डावी अक्कलदाढ काढायची म्हणताय. ती दुखत नसेल, पू होत नसेल, शेजारची दाढ किडत नसेल तर आत्ता काढूच नका. काढायचीच झाली तर हाड फक्त गालाकडच्या बाजूने कापणार का, हे आधी विचारा.

पहिली नोंद या रविवारी करा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. काकूंना सांगा, वीस दिवस म्हणजे अजून खूप लवकर आहे.

तुमचा,
संजू