आउटबोर्डची नंबरपाटी रंगवू नका

मा. संपादक,

मासेमारी बंदी लागली की आमच्या मालवण बाजूची बरीच आउटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, फिटरकडे जातात आणि परत येताना झकास कलर मारून येतात, पण त्या कलरखाली नंबरची पाटीही जाते आणि याचा मला चांगलाच फटका बसलाय म्हणून लिहितोय.

आमच्याकडे यामाहा, सुझुकीच जास्त, पण मी एक सेकंडहँड जॉन्सन घेतलं. विकणारा म्हणाला ९४ चं मॉडेल आहे, मी विश्वास ठेवला. पुढे मशीन पाणी मारेना म्हणून ९४ चा इंपेलर, म्हणजे मशीन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातला पंखा, मागवला, तो बसेना, परत पाठवला, दुसरा आला तोही बसेना, ऐन सीझनला पंधरा दिवस होडी वाळूत. शेवटी थिनरने पाटी पुसली, वर कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा कुठे अक्षरं उठली.

जॉन्सन आणि एव्हिनरूड एकाच कंपनीची, आणि १९८० पासून त्यांच्या मॉडेल नंबरात वर्ष अक्षरांत लपवलेलं असतं. इंग्रजीत ‘इंट्रोड्यूसेस’चं स्पेलिंग लिहा, दहा अक्षरं येतात, एकही दोनदा नाही. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे शून्य. मॉडेल नंबरातलं अगदी शेवटचं अक्षर सोडायचं, त्याच्या आधीची दोन म्हणजे वर्ष. माझ्यावर निघालं सी आणि ओ, म्हणजे ८५! फिटर ओ ला शून्य समजून ८० म्हणत होता, पण ८० असतं तर सी-एस असतं. नऊ वर्षं जुनं मशीन ९४ चं म्हणून गळ्यात मारलं हो.

मर्क्युरी या दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं वेगळं, तिथे सिरियल नंबरच बघायचा, कारण पार्टच्या यादीत अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंत हा पार्ट असंच लिहिलेलं असतं. त्यात ०ए, ०बी, ०सी अशी सुरुवात असेल तर पहिला शून्य आहे, ओ नाही, फोनवर सांगताना हमखास घोळ होतो.

अजून एक, पाटी असते ब्रॅकेटवर, होडीच्या मागच्या फळीला मशीन आवळतो तिथे. ब्रॅकेट दुसऱ्या मशीनचा लावलेला असू शकतो. जॉन्सन-एव्हिनरूडच्या इंजिनच्या ब्लॉकवर एक गोल छोटा प्लग (धातूचं बूच, स्पार्क प्लग नव्हे) असतो, त्यावरही नंबर ठोकलेला असतो. दोन्ही जुळतात का बघूनच पैसे द्या. मी घेताना हे बघितलं नाही.

जॉन्सनवाल्यांना तर हे जास्तच लागणार, मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, नंतर बॉम्बार्डिअरने ब्रँड घेतले आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. आता जुना स्टॉक नाहीतर दुसऱ्या कंपनीचे पार्ट, आणि ते नंबर सांगितल्याशिवाय बरोबर मिळत नाहीत.

फिटर बंधूंना हात जोडून विनंती, कलर मारण्याआधी पाटीवर चिकटपट्टी लावा. तारेच्या ब्रशने तर अजिबात घासू नका, ॲल्युमिनियमची पाटी खाऱ्या पाण्याने आधीच खाल्लेली असते. आणि होडीवाल्यांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा, मशीन चोरीला गेलं तर पोलीस पहिला नंबरच विचारतात.

आपला,
एक होडीवाला, मालवण